मुशीची बेंबी

आमच्या घरात नवस बोलण्याची पद्धतच वाईट आहे. दुसऱ्याने काहीतरी सोडावं म्हणून आपण काहीतरी सोडायचं. मी नोकरी सोडावी म्हणून माझ्या सासूबाईंनी चिकू सोडले होते.

डहाणूजवळ आगरला आमची चिकूची वाडी आहे. अंगणात चिकू, ओटीवर चिकू, पलंगाखाली गवतात पिकत घातलेले चिकू, आणि या बाई एकेक उचलून वास घ्यायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. मी तेव्हा तलासरीच्या एका शाळेत गणित शिकवत होते. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परत. एकदा गाडी वाटेत बंद पडली आणि मी भाताच्या पेंढ्यांनी भरलेल्या टेंपोत बसून घरी आले. केसांत पेंढा घेऊन मी फाटकातून आत येताना सासूबाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी गावदेवीपुढे उभ्या राहून त्या मोठ्याने म्हणाल्या, सून तलासरीला जायची बंद होईपर्यंत चिकू तोंडात घालणार नाही. मी ते ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. निवृत्त होईपर्यंत पकडत राहिले. त्या त्याच्या बऱ्याच आधी गेल्या, चिकू न खाता. मला तेव्हा याचा थोडा अभिमानच वाटायचा.

हे आधी सांगितलं, कारण पुढे मी जे केलं त्याला अक्कल म्हणता येणार नाही आणि ती कुठून आली हे वाचणाऱ्याला कळलेलं बरं.

समुद्र आमच्या वाडीच्या मागेच आहे. पण आम्ही वाडीवाले समुद्राकडे पाठ करून राहतो. आमचं तोंड झाडांकडे. समुद्रातून यायची ती मासळी, आणि तीही मासळीवालीच्या पाटीतून थेट पायरीवर. मी जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. अशा घरातली मुलगी शिकून सवरून लक्षद्वीपला गेली, तेव्हा तिने आम्हांला सांगितलं की ती तिथे पर्यटकांना पोहायला शिकवते. पोहायला शिकवणं मला चालण्यासारखं वाटलं. मीही शिकवतच होते.

सातव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी माहेरी आली. त्या दुपारी आमचे हे तिचा मोबाईल घेऊन सोनोग्राफीचे फोटो बघत होते. एक झाला, दोन झाले, तीन झाले. मग बोट पुढे सरकत गेलं आणि हे म्हणाले, "हल्ली सोनोग्राफीत किती स्पष्ट दिसतं, नाही?"

मी चष्मा लावून बघितलं. निळ्या पाण्यात माझी मुलगी पाठीवर नळकांडं बांधून आडवी तरंगत होती आणि तिच्या भोवती माणसाएवढ्या सहा-सात मुशा गोल गोल फिरत होत्या.

मुशी म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको. शहरातले लोक तिला शार्क म्हणतात आणि घाबरतात. आम्ही मुशी म्हणतो आणि खातो. कढत पाणी ओतून तिची खरखरीत कातडी खरवडायची, तुकडे करायचे, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, वर दोन आमसुलं. काटा नाही, नुसती मऊ कूर्चा. माझ्या हातच्या मुशीच्या कालवणासाठी तलासरीच्या शाळेतले शिक्षक बदली नाकारायचे, असं मी म्हणते. तेही हे नाकारत नाहीत. पण ताटातली मुशी वीतभर असते. ही फोटोतली मुशी आपल्यालाच ताटात घेईल अशी होती.

"पोहायला शिकवतेस ना?" मी विचारलं.

"त्यांना पोहता येतं, आई," मुलगी म्हणाली. "मी माणसांना त्यांच्यात घेऊन जाते."

मग तिने मला समजावलं. मुशी माणसाला शोधत फिरत नाही. तिला हात लावू नये, गंमत म्हणून खायला घालू नये, तिची वाट अडवू नये, पाणी गढूळ असेल तर उतरूच नये. क्वचित चावते, नाही असं नाही, म्हणून तर नियम. पण पाण्यात गेलेल्या माणसाला खरी भीती असते ती वर येण्याची. घाईने वर आलं की रक्तात बुडबुडे होतात आणि धडधाकट माणूस जातो. सावकाश यायचं, मध्ये थांबायचं, श्वास सोडत यायचं. "दिवसभर मी लोकांना हेच शिकवते," ती म्हणाली.

"म्हणजे मुशीखेरीजही मरायची सोय आहे," मी म्हणाले.

मी तिला वचन मागितलं. आता तू आई होणार, बाळ झाल्यावर पुन्हा मुशांच्यात उतरायचं नाही. ती म्हणाली, नाही देणार. मी म्हणाले, का? ती म्हणाली, "तू मुशी खायची सोडशील का?"

मला इतका राग आला की मी पायात चप्पल न घालता गावदेवीला गेले. नारळ ठेवला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, पोरगी मुशांचा नाद सोडीपर्यंत मी मुशी तोंडात घालणार नाही. बोलून झाल्यावर मागे वळून बघितलं, तर आमची मासळीवाली ओटीचं सामान घेऊन उभी होती. तीस वर्षं ती माझ्या पायरीवर पाटी उतरवतेय. आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

"तुमी मुशी सोडली?" ती म्हणाली. "तुमी?"

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवता उतरवता तिने मला विचारलं, "बाई, तुमी मुशी सोडली म्हंजे तुमच्या वाट्याच्या मुशी मरणार नाय. बरोबर?"

"बरोबर."

"नाय मेल्या म्हंजे वाढणार. वाढल्या म्हंजे तुमच्या पोरीच्या भोवती जास्त फिरणार. मंग तुमी वाचवताय कोणाला, पोरीला का मुशींना?"

तीस वर्षं मी गणित शिकवलं, पण या हिशेबातली चूक मला सापडेना. मी विचारलं, मग मी काय सोडायला हवं होतं? तिने थोडा विचार केला. "वांगी," ती म्हणाली. मला वांगी तशीही आवडत नाहीत.

डहाणूच्या दवाखान्यात मुलगी बाळंत झाली. नात झाली. घरी आणलं तेव्हा सगळं ठीक होतं, एवढंच की दूध म्हणावं तसं येत नव्हतं. बाळ रडायचं, मुलगी रडायची, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं आपटायचे. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात. डॉक्टर काही म्हणोत, आमच्या किनाऱ्यावर पिढ्यांनी ते खाल्लंय. मासळीवालीची तर रीतच आहे, तिच्या फेरीतल्या प्रत्येक बाळंतिणीला पहिली मुशी ती स्वतः आणून देते. माझ्या बाळंतपणातही तिनेच आणली होती.

तशी ती तिसऱ्या दिवशी आली. केळीच्या पानात दोन लहान मुशा.

मी नवसाचा नीट विचार केला. नवस माझ्या तोंडाचा होता. मुलीच्या तोंडाबद्दल देवीशी काही बोलणं झालेलं नव्हतं. मी शिजवायची, ती खाणार, माझी जीभ कोरडी. यांना विचारलं तर हे म्हणाले, चवीला मीठ बघशील ना, त्याने नवस मोडतो का ते देवीला विचार. यांना विचारण्यात अर्थच नसतो.

मुलीला सांगितलं, तर ती चिडली नाही. "मला दाखव आधी," म्हणाली.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटलेली होती, ओव्याचा धूर होता. मासळीवाली उंबऱ्यात बसली. मुलीने एक मुशी हातावर घेतली, पोट वर केलं आणि पुढच्या दोन पंखांच्या मधोमध अंगठा ठेवला. "हे बघा," ती म्हणाली.

तिथे एक बारीक चीर होती. मिटत आलेली, पण पुरती न मिटलेली.

"ही बेंबी आहे," मुलगी म्हणाली. "ही जात अंडी घालत नाही. पिल्लू आईच्या पोटात नाळेवर वाढतं. ही जन्मून फार दिवस झालेले नाहीत. यांना पिल्लंच थोडी होतात, आणि ती मोठी व्हायच्या आधीच आपण उचलतो. म्हणून मुशा संपत चालल्यात, आई. कोणी ओरडत नाही, कारण चावणाऱ्याची कोणाला दया येत नाही."

शेजारी माझी नात उताणी झोपली होती. दुपटं सरकलेलं. तिच्या पोटावर वाळत आलेल्या नाळेचा काळा तुकडा होता आणि त्याला दवाखान्यातला प्लास्टिकचा चिमटा. आम्ही तिघींनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"हजारांनी कापल्या मी," मासळीवाली म्हणाली. "पाटीत पोट खाली करून ठेवते ना, म्हणून दिसली नाय."

आता त्या दोन मुशांचं करायचं काय, हा प्रश्न आला. खायच्या नव्हत्या. विकणार नाही, असं मासळीवाली म्हणाली. समुद्रात सोडाव्या तर त्या मेलेल्या. मांजरीला द्यावं, असं हे म्हणाले, तर आम्ही दोघींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते कुदळ आणायला गेले. वाडीत विहिरीजवळच्या चिकूखाली खड्डा केला. मासळीवालीने विचारलं, हळद-कुंकू वाहायचं का? कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून वाहिलं. साठी उलटलेली तीन माणसं भर दुपारी दोन माशांच्या खड्ड्यापुढे हात जोडून उभी होती, आणि खिडकीतून बाळंतीण पोट धरून हसत होती. टाके दुखतात म्हणून थांबायची आणि पुन्हा हसायची.

दूध आलं. शेवग्याच्या पाल्याने आलं असं मालीशवाली म्हणते, अळिवाने आलं असं मी म्हणते, यायचंच होतं असं डॉक्टर म्हणाले. मुलगी म्हणते हसण्याने आलं.

पण बेंबी काही आमच्या वाडीत राहिली नाही. मासळीवालीने ती बाजारात नेली. आठवड्याभरात डहाणूच्या मासळीबाजारात बायका मुशी उलटी करून बघायला लागल्या. बेंबी असली की घ्यायची नाही. मग सवयच लागली, आणि बायका बोंबील उलटे करून बघू लागल्या, कोलंबी उलटी करून बघू लागल्या. एका बाईने पापलेट परत आणून दिलं, म्हणे याला बेंबी आहे. ती बेंबी नव्हती, ते भलतंच होतं, आणि ते काय होतं हे मासळीवालीने तिला भर बाजारात खणखणीत आवाजात सांगितलं.

होडीवरचे पुरुष वैतागले. मासळीवालीने घरच्यांना बजावलं होतं, जिवंत असलेली लहान मुशी आली की परत पाण्यात सोडायची. तिचा दीर वाढवणच्या मोर्चाहून आलेला, आवाज बसलेला. आमच्या पायरीपाशीच त्याने तिला गाठलं. "तिथं बंदर येऊन आपला समुद्र जायची पाळी आली, आन् तू आमाला मुशीच्या बेंब्या बघायला लावते?"

"बंदराला माजा हात पोचत नाय," ती म्हणाली. "हिला पोचतो."

तो तणतणत होडीकडे गेला. पुढे लहान मुशा सोडतो म्हणतात. सगळ्या सोडतो का, ते मी विचारलेलं नाही.

आणि या सगळ्याचं श्रेय मला मिळालं, कारण मुशी सोडणारी पहिली बाई मी. तलासरीच्या माझ्या जुन्या शाळेने सत्काराला बोलावलं. शाल, नारळ, आणि मागे फलक. फलकावर चित्र होतं डॉल्फिनचं. मुख्याध्यापक म्हणाले, शार्कचं चित्र लावलं असतं तर बालवाडी रडली असती. मी भाषणात खरं काय ते सांगून टाकलं. मुलांनो, मला मुशी फार आवडते. मी ती तिच्या भल्यासाठी सोडलेली नाही. माझी पोरगी मुशांच्यात उतरते, तिने ते सोडावं म्हणून सोडली. टाळ्या कोणी वाजवाव्या की नाही, हे कोणाला कळेना. तेवढ्यात मागच्या रांगेतली सातवीतली एक मुलगी उभी राहिली.

"बाई, मग तुमच्या पोरीनं सोडलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग तुमी पुन्हा खायाला लागणार?"

"नाही."

"मग कशाला सोडलं?" ती म्हणाली आणि खाली बसली. तलासरीची मुलं पहिल्यापासून अशीच. येताना एसटीत ती शाल मांडीवर घेऊन मी डहाणू येईपर्यंत उत्तर शोधत होते.

बाळ सहा महिन्यांचं झालं आणि मुलगी परत निघाली. वचन दिलं नाहीच. जावई तिथेच नोकरीला, बाळाला सांभाळायला बाई मिळाली, आणि ही पुन्हा पाण्यात उतरणार. फाटकाशी मी इतकी भांडले की रिक्षावाल्याने रिक्षा बंद करून ठेवली. शेवटी एवढंच ठरलं, की ज्या दिवशी ती पाण्यात जाईल त्या दिवशी वर आल्या आल्या मला फोन करेल.

फोन सकाळी अकराच्या सुमाराला यायचा. दोनच शब्द. "वर आले." मी म्हणायचे, बरं. तिने ठेवायचा, मी ठेवायचा. दहापासून मी काही कामाची नसायची. भाजी करपायची, दाणे निवडता निवडता खड्यांच्या बाजूला टाकले जायचे. अकरा वाजून गेले की गावदेवीला मनातल्या मनात नवसाची आठवण करून द्यायचे, बाई, मी माझं पाळतेय, तू तुझं बघ. फोन आला की पहिलं काम म्हणजे मुलीवर चरफडणं. पुढेपुढे ती एखादं वाक्य जास्त बोलू लागली. आज एक पोटुशी मुशी दिसली. आज पाणी गढूळ होतं, उतरवलंच नाही कोणाला. तिचा आवाज अजून पाण्यातच असल्यासारखा हलका असायचा.

गेल्या थंडीत तिने संध्याकाळी फोन केला. संध्याकाळी ती कधी करत नसे.

"आई, सोडलं," ती म्हणाली. "बाळ पाय धरून रडतं सकाळी. आता ऑफिसात बसते, बुकिंग घेते. तुझा नवस पुरा झाला. खा आता मुशी."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दीड वर्ष मी मन मारून बसले होते. दुसऱ्याच दिवशी मासळीवालीला सांगितलं, मोठी बघून आण, बेंबी मिटलेली. तिने आणली. तिनेच पोट वर करून दाखवलं, मी चष्मा लावून बघितलं, आमसुलं काढली. वाटणाचा वास रस्त्यापर्यंत गेला असेल. यांनी पाट मांडला, मासळीवालीलाही जेवायला बसवलं, कारण नवसाची साक्षीदार तीच होती. मी तुकडा मोडला आणि घास उचलला.

घड्याळात अकरा वाजून गेले होते. फोन वाजला नाही. वाजणारच नव्हता. मी मात्र घास हातात धरून कान देऊन बसले होते. आणि त्या संध्याकाळचा तिचा आवाज मला आठवला. बुकिंग घेते, म्हणाली होती ती. तिच्या आवाजात ते पाणी नव्हतं. शहाण्यासारखा, सुकलेला आवाज. तीस वर्षं मी एसटीतून उतरून घरी येत होते, केसांत पेंढा घेऊनसुद्धा, आणि माझा आवाज कधी तसा झाला नाही. कारण चिकू सोडून बसलेल्या बाईचं मी ऐकलं नव्हतं. सासूबाई दर संध्याकाळी ओटीवर उभ्या असायच्या. एसटी उशिरा आली तर फाटकापर्यंत यायच्या. तेव्हा मला वाटायचं, त्या भांडायला येतात.

मी घास खाली ठेवला.

"खारट झाली का?" यांनी विचारलं. मासळीवाली माझ्याकडे बघत राहिली. तिने स्वतःच्या ताटातला तुकडाही खाली ठेवला.

मी उठले, हात धुतला आणि मुलीला फोन लावला. "पाण्यात कधी जातेस?" मी विचारलं.

 ती म्हणाली, "आणि नवस?"

"तो माझा आणि देवीचा प्रश्न आहे. बाळ रडतं तर रडू दे, तूही रडायचीस मी एसटीला निघाले की. आजी घ्यायची तुला. पाहिजे तर मी येते तिथे. पण किनाऱ्यावर बसेन, पाण्यात पाय घालणार नाही."

गावदेवीला मी पुन्हा गेले. या वेळी चपला घालून. मासळीवाली सोबत आली. देवीला सांगणं फार अवघड झालं, कारण मागच्या वेळी मागितलेलं तिने दिलं होतं आणि मी ते परत करायला आले होते. मी म्हणाले, पोरीला मुशांच्यात जाऊ दे, आणि त्यासाठी मी मुशी सोडते. "बाई, तेच तर आधी सोडलंय," मासळीवाली कानात म्हणाली. मी म्हणाले, मग कायमची सोडते. येताना विहिरीजवळच्या त्या झाडाचा एक पिकलेला चिकू मी सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवला.

आठवड्याने, अकराला दहा मिनिटं असताना फोन वाजला.

"वर आले," मुलगी म्हणाली.

"सावकाश आलीस ना?" मी विचारलं.